मास्क मेंदूबाहेर गेला, तर दुरुस्तीला किती पडतात?

कुवेतच्या मंगफला सूर्य समुद्रातून वर येतो. रत्नागिरीकडच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. तिकडे उत्तरेला तोंड करून उभं राहिलं की समुद्र डाव्या हाताला, इथे उजव्या हाताला. सुरुवातीला मी फोनवर बायकोला "समुद्राच्या बाजूला वळ" म्हणायचो आणि ती बरोबर उलटी वळायची. चूक दोघांचीही नसायची. समुद्र कुठल्या बाजूला धरायचा हे आधी ठरलेलं नव्हतं, एवढंच.

जून महिन्यात शेजारची मुलगी सुट्टीला घरी आली होती. ती पुण्यात एमटेक करते. मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठ कुठे आहे ते संगणकानं रंगवून दाखवायचं, म्हणजे सेगमेंटेशन, हा तिचा प्रकल्प. त्या रंगवलेल्या भागाला मास्क म्हणतात. रात्री नऊच्या सुमारास लॅपटॉप काखेत मारून आली. "काका, मास्क डोक्याच्या बाहेर पडतोय." पाहिलं तर खरंच. करड्या रंगाचं डोकं एकीकडे, आणि लाल डाग त्याच्या कोपऱ्यातून निघून पार हवेत पसरलेला.

तिनं खर्चाचा अंदाजही काढून आणला होता. हवल्लीच्या इब्न खल्दून रस्त्यावर जाऊन नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं, हा पहिला पर्याय. इंटरनेटवर सापडलेल्या एका जाणकारानं दुरुस्तीचा तीन आकडी दिनारांत भाव सांगितला होता, तो दुसरा. आणि वर्गातल्या मित्राचा सल्ला असा की गाठ रंगवणारं मॉडेल पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, दोन आठवडे जातील.

मी तेलाच्या धंद्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. मेंदूच्या प्रतिमांचा नाद घरातल्या एका आजारपणामुळे लागला, तो सुटला नाही. आमच्या कामातला पहिला धडा असा की गेज चुकीचं दाखवत असेल तर ते बदलण्याआधी त्याचं शून्य तपासायचं. इथेही तेच केलं. खर्च झाला एका रात्रीचा. ग्राफिक्स कार्ड काम लवकर उरकतं, पण चुकीच्या जागी ठेवलेला मास्क ते तितक्याच चुकीच्या जागी, फक्त दसपट वेगानं ठेवून देईल.

दुखणं नेमकं कुठलं

एमआरआयची फाइल म्हणजे आकड्यांचा ठोकळा आणि त्याला चिकटवलेली पत्त्याची चिठ्ठी. ठोकळ्यातल्या प्रत्येक घनाला व्हॉक्सेल म्हणतात, चिठ्ठीला हेडर. कुवेतमध्ये कुणाला घरी बोलवायचं तर "तिसरा मजला, डावीकडचा फ्लॅट" एवढं सांगून भागत नाही. एरिया, ब्लॉक, रस्ता, इमारत, आणि शक्य तर इमारतीचा पासी नंबर द्यावा लागतो. नाहीतर पाहुणा महबुल्यातल्या तशाच इमारतीचा तिसरा मजला चढून घंटी वाजवतो. व्हॉक्सेलचा क्रमांक हा मजला आणि फ्लॅट. हेडरमधलं चार बाय चारचं मॅट्रिक्स हा बाकीचा पत्ता. त्यात तीन गोष्टी असतात: एका व्हॉक्सेलची लांबी-रुंदी-उंची किती मिलिमीटर, ठोकळा कुठल्या दिशेनं वळलेला आहे, आणि त्याचा आरंभबिंदू कुठे. शाळेच्या निर्देशक भूमितीतला आरंभबिंदू, तोच.

या मुलीचं मॉडेल ब्रॅट्सच्या प्रतिमांवर शिकलेलं होतं. गाठींच्या अभ्यासासाठीचा हा जगभर वापरला जाणारा संग्रह. त्यातली प्रत्येक प्रतिमा कवटी काढून, एकाच साच्यावर बसवून, 240 × 240 × 155 या मापात आणि प्रत्येक बाजूनं 1 मिलिमीटर अशी तयार मिळते. तिच्याकडचा खरा स्कॅन होता 512 × 512 × 24 चा. आडवा व्हॉक्सेल 0.45 मिलिमीटर, स्लाइसची जाडी 5, आणि दोन स्लाइसच्या मध्ये 1 मिलिमीटरची फट. मॉडेलनं काढलेलं उत्तर तिनं पुन्हा 512 × 512 × 24 मध्ये आणलं, इथवर सगळं ठीक. पण साठवताना पत्त्याच्या जागी एकक मॅट्रिक्स लिहिलं. पायथॉनमध्ये ही एका ओळीची सवय असते, बऱ्याच उदाहरणांत तशीच छापलेली.

याचा अर्थ काय होतो ते आकड्यांत बघा. खरं डोकं 512 × 0.45, म्हणजे साधारण 230 मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत आणि 24 × 6, म्हणजे 144 मिलिमीटर उंचीत आहे. एकक मॅट्रिक्समुळे मास्कचा ठोकळा झाला 512 मिलिमीटर रुंद आणि 24 मिलिमीटर उंच. अर्धा मीटर पसरलेलं, इंचभर जाडीचं डोकं. मी तिला इथल्या चपट्या रोटीचं नाव घेऊन म्हटलं, "हे डोकं नाही, हा खुबूस आहे." शिवाय स्कॅनचा शून्यबिंदू डोक्याच्या मध्याजवळ होता आणि मास्कचा शून्यबिंदू ठोकळ्याच्या कोपऱ्यात. म्हणून मास्कचा ठोकळा डोक्याच्या मधून सुरू होऊन बाहेर निघाला होता. मूळ स्कॅनचं मॅट्रिक्स मास्कला दिलं, लाल डाग जागेवर बसला.

इथे एक सापळा आहे, त्यात ती लगेचच पाय घालणार होती. स्लाइसची जाडी 5 आहे म्हणून तिनं उंचीच्या जागी 5 लिहायला घेतलं. जाडी आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी. फट धरून एका स्लाइसपासून दुसरीपर्यंत 6 मिलिमीटर आहेत. 5 लिहिलं असतं तर मास्क नुसत्या डोळ्यांना ठीकठाक दिसला असता आणि गाठीचं आकारमान सरळ एक षष्ठांशानं कमी भरलं असतं. यंत्रातून निघालेल्या मूळ डायकॉम फाइलमध्ये प्रत्येक स्लाइसची जागा वेगळी नोंदलेली असते. लागोपाठच्या दोन जागांतलं अंतर काढायचं, तो आकडा खरा.

लक्षणावरून खर्च

खर्च पैशात कमी आणि तासांत जास्त मोजावा लागतो. आधी दुखण्याची जात ओळखली की तास वाचतात.

मास्क चेपलेला किंवा ताणलेला दिसला तर मापं हरवली आहेत. दुरुस्ती पंधरा मिनिटांची, वर सांगितलेलीच.

मास्कचा आकार बरोबर, पण तो सगळीकडे सारख्याच अंतरानं सरकलेला असेल, तर कुणीतरी आरंभबिंदू हलवला. थ्रीडी स्लाइसरमध्ये प्रतिमा मधोमध आणायचं एक बटण आहे. स्क्रीनवर छान दिसावं म्हणून लोक ते दाबतात, मग ती प्रतिमा साठवतात आणि मास्कशी जुळत नाही म्हणून रडतात. फ्रीसर्फरमधून काढलेले पृष्ठभाग दुसरीकडे उघडल्यावर असेच सरकतात, कारण फ्रीसर्फर पृष्ठभागाचे बिंदू स्वतःच्या घरगुती पद्धतीत मोजतो आणि त्याचा शून्य आपल्या ठोकळ्याच्या मध्यावर धरतो. किती सरकलं ते त्याच्या माहिती दाखवणाऱ्या आज्ञेत सी-रास या नावानं तीन आकड्यांत मिळतं. पृष्ठभाग बाहेर काढतानाच स्कॅनरच्या पद्धतीत काढायची सोय त्यातच आहे. अर्धा तास धरा, त्यातली वीस मिनिटं ती आज्ञा शोधण्यात जातील.

पृष्ठभागाचं मॉडेल डोक्याभोवती अर्धा फेरा फिरलेलं, नाक मागे गेलेलं दिसलं, की समुद्राची भानगड. डायकॉमवाले रुग्णाच्या डावीकडे, पाठीकडे आणि वर अशा दिशा धन धरतात. अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या निफ्टी फाइलवाले उजवीकडे, पुढे आणि वर. एकाचा (30, −20, 45) हा बिंदू दुसऱ्याच्या लेखी (−30, 20, 45). स्लाइसर आतल्या आत निफ्टीसारखा विचार करतो आणि आयटीके या कोडच्या संग्रहावर उभारलेली साधनं डायकॉमसारखा. फाइल नीट लिहिलेली असेल तर ती आपसात समजून घेतात. पण बिंदूंची साधी यादी किंवा जुनी एसटीएल फाइल हातानं एकीकडून दुसरीकडे नेली की फसगत होते. त्यात अक्षरांचा घोळ वेगळाच. आयटीके-स्नॅप दिशा तीन अक्षरांत दाखवतो, पण त्याचं अक्षर अक्ष कुठून निघतो ते सांगतं. पायथॉनमधल्या निबाबेलचं अक्षर अक्ष कुठे जातो ते. म्हणजे एकाचं आर-ए-आय आणि दुसऱ्याचं एल-पी-एस ही एकच गोष्ट. हे मला समजेपर्यंत माझे दोन शुक्रवार वाया गेले होते. माझ्या हिशेबात तो खर्च आजही धरलेला आहे.

एका साधनात जुळतं आणि दुसऱ्यात नाही, असं झालं तर निफ्टीच्या हेडरमध्ये डोकवा. त्यात पत्ता दोनदा लिहायची सोय आहे, क्यूफॉर्म आणि एसफॉर्म. दोन्ही सारखे असतील तर प्रश्न नाही. एखाद्या साधनानं एकच बदलला असेल तर कोणी या चिठ्ठीवर विश्वास ठेवतो, कोणी त्या. दोन्ही शेजारी छापून पाहायला पाच मिनिटं. कुठला खरा, हे ठरवायला मूळ डायकॉम लागतं, म्हणून इस्पितळाची सीडी टाकून देऊ नका.

सीटी स्कॅन तिरका घसरलेला, पत्त्यांची गड्डी हातानं ढकलल्यासारखा दिसला तर यंत्राची कमान कललेली होती. डोक्याच्या सीटीत हे नेहमीचं. डीसीएम-टू-निक्स हे मोफत साधन कल ओळखून सरळ केलेली वेगळी फाइल देतं. तीच वापरा आणि मास्कही तिच्यावरच काढा.

आणि महागडा प्रकार: मास्क कुठल्यातरी प्रमाण मेंदूवर काढलेला, उदाहरणार्थ मॉन्ट्रियलच्या 152 जणांच्या सरासरीवर, आणि तो तुम्ही रुग्णाच्या स्वतःच्या स्कॅनवर उघडलात. इथे पत्ता बरोबर आहे, घरच दुसऱ्या गावात आहे. हेडर कितीही घासला तरी बसणार नाही. रजिस्ट्रेशन, म्हणजे एक मेंदू दुसऱ्यावर बसवणं, करून उलटं रूपांतर लावावं लागतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याचा एक अख्खा शनिवार जातो.

उलट बाजूचीही एक गोष्ट. सिंथसेगसारखं साधन जाड स्लाइसचा स्कॅन घेऊन 1 मिलिमीटरचा मास्क परत देतं. ठोकळ्यांची मापं अर्थातच वेगळी येतात आणि लोक घाबरतात. ती चूक नाही. मिलिमीटरमध्ये दोन्ही एकाच जागी असतात. व्हॉक्सेलला व्हॉक्सेल जुळायलाच हवा असेल तर एकाचं माप दुसऱ्यावर बदलून घ्या. मात्र मास्क बदलताना जवळचा शेजारी निवडणारी पद्धतच लावा, सरासरीची नको. फ्रीसर्फरच्या यादीत 2 म्हणजे डावा श्वेत भाग, 4 म्हणजे डावी पोकळी, आणि 3 म्हणजे डावं बाह्यपटल. 2 आणि 4 च्या सीमेवर सरासरी काढली की उत्तर येतं 3. मेंदूच्या ऐन गाभ्यात, पोकळीच्या काठानं बाह्यपटलाची बारीक किनार उगवते. चित्र इतकं सुबक दिसतं की शंकाही येत नाही.

पैशांचं काय

बहुतेक साधनं फुकट आहेत. थ्रीडी स्लाइसर, आयटीके-स्नॅप, निबाबेल, सिंपलआयटीके यांना दमडी लागत नाही. फ्रीसर्फरसाठी नोंदणी केली की परवान्याची छोटी फाइल ईमेलनं येते, तीही मोफत. विंडोजवर तो थेट चालत नाही, आत लिनक्स बसवावं लागतं. एफएसएल अभ्यासासाठी फुकट आहे, धंद्यासाठी वापरायचं तर वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो. मंगफच्या फ्लॅटमध्ये बसून कंपनीचं काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एसपीएम मोफत, पण तो ज्यावर चालतो तो मॅटलॅब विकत घ्यावा लागतो. एसपीएमची मॅटलॅबविना चालणारी आवृत्तीही मिळते, ती आधी करून पाहा.

फ्रीसर्फरची पूर्ण प्रक्रिया साध्या संगणकावर कित्येक तास घेते. विजेचं भय बाळगू नका. इथल्या भाड्याच्या फ्लॅटना 2017 पासून युनिटला 5 फिल्स दर आहे. दीडशे वॅटचा संगणक आठ तास चालला तर 1.2 युनिट, म्हणजे 6 फिल्स. आपल्या पैशात दीड-पावणेदोन रुपये. तेवढ्या वेळात एसी त्याच्या कितीतरी पट ओढतो. खरा खर्च असा की सकाळी उठून पाहावं तर प्रक्रिया पहाटे तीनला अडकलेली, आणि कारण हेडरमधली अशी गोष्ट की जी रात्री दोन मिनिटांत दिसली असती. म्हणून लांब काम लावण्याआधी चार गोष्टी बघायचा नेम ठेवा: माप, अंतर, आरंभबिंदू, दिशा. स्कॅनचं आणि मास्कचं, दोन्ही शेजारी. सेगमेंटेशनसाठी एनएन-यूनेट वापरत असाल तर त्याची संच तपासायची सोय चालू करा. स्कॅन आणि मास्क यांची भूमिती जुळते का ते ती आधीच बघते.

माणसाला पैसे द्यायचेच असतील तर "दुरुस्त करून द्या" असा सौदा करू नका. आधी फक्त निदानाचा भाव ठरवा. त्याला सुरुवातीला प्रतिमा देऊ नका, दोन्हींचे हेडर मजकुरात काढून पाठवा. दहापैकी नऊ दुखणी त्यातच दिसतात. नीट माणूस विचारेल की मास्क कशावर काढला, कुठल्या साधनानं साठवला, मूळ डायकॉम आहे का. जो काही न विचारता "उलटा करून देतो" म्हणेल त्याला नमस्कार करा. याचं कारण पुढे येतंच.

फाइल कुणालाही देण्याआधी नाव पुसा. इथल्या सीड्यांवर रुग्ण क्रमांकाच्या रकान्यात पुष्कळदा सिव्हिल आयडीचा बारा आकडी नंबरच असतो, आणि तो प्रत्येक स्लाइसमध्ये परत परत लिहिलेला असतो. निफ्टीत रूपांतर केल्यावर नाव गळतं, पण चेहरा राहतो. एमआरआयमधून नाक-डोळे त्रिमितीत उभे करता येतात. चेहरा खोडणारी साधनं फुकट आहेत. फक्त खोडल्यावर हेडर तसाच राहिलाय ना, तेवढं पाहून घ्या.

सगळ्यात महाग चूक

मघाचा बिंदू आठवा. त्यात दोन चिन्हं उलटली, म्हणून डोकं फिरलं, आणि फिरलेलं डोकं कुणालाही दिसतं. एकच, डाव्या-उजव्याचं चिन्ह उलटलं तर डोकं फिरत नाही, आरशात जातं. मेंदू दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा असल्यामुळे काहीही बिघडलेलं दिसत नाही. मास्क मेंदूच्या आत, कडेला कड लावून बसतो, आणि मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग, डावा असून उजव्याच्या नावानं मोजला जातो. मास्क "जरा उलटाय" म्हणून एक अक्ष हातानं पलटवणं, ही स्वस्त दिसणारी पण सर्वात महाग दुरुस्ती. मास्क पलटवला आणि तो बसला, तर तो का बसला हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका. जुन्या ॲनलाइझ प्रकारच्या फाइली हाती आल्या तर दुप्पट सावध राहा. त्यांत डावं-उजवं भरवशानं नोंदलेलंच नसायचं.

तपासायचं कसं? गाठ किंवा जखम एका बाजूला असेल तर रेडिओलॉजिस्टच्या छापील रिपोर्टमध्ये बाजू लिहिलेली असते. मास्कची बाजू तिच्याशी ताडून पाहा. स्क्रीनवर बघताना रुग्णाची डावी बाजू बहुधा आपल्या उजवीकडे दाखवतात, हेही विसरू नका. निरोगी मेंदूत मात्र अशी खूण नसते. तिथे स्कॅनच्या आधीचीच युक्ती कामाची: व्हिटॅमिन ई ची तेलाची कॅप्सूल उजव्या कानशिलावर चिकटपट्टीनं लावायची. टी-वन प्रतिमेत तेल पांढरंशुभ्र उमटतं. संशोधनात ही जुनी, मान्य पद्धत आहे. कॅप्सूलची बाटली कुठल्याही फार्मसीत मिळते, आणि तुमच्या साऱ्या प्रकल्पातली ती बहुधा एकमेव खरेदी ठरेल. स्कॅन करणाऱ्या टेक्निशियनला आधी विचारून, मग.

आणखी एक पडताळा आकारमानाचा. प्रौढ माणसाचा हिप्पोकॅम्पस एका बाजूचा साधारण 3 ते 4 घन सेंटिमीटर भरतो. तुमचा 0.6 किंवा 20 भरला तर मापं चुकली. डावं-उजवं चुकलंय का, हे मात्र या आकड्यावरून कळणार नाही.

हे सगळं अभ्यासासाठी. घरच्या माणसाचा स्कॅन स्लाइसरमध्ये उघडून गाठ मोजत बसलात आणि त्यावर औषधाचा निर्णय घ्यायला निघालात, तर थांबा. ही साधनं रुग्णावर उपचार ठरवण्यासाठी मान्यताप्राप्त नाहीत. मुंबई-पुण्याला दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर इस्पितळाकडून मूळ डायकॉम मागून घ्या, संपूर्ण मालिका, चित्रांचे जेपीजी नकोत. जेपीजीत पत्त्याची चिठ्ठीच नसते. सीडी विमानात टाकण्याआधी घरी एकदा उघडून स्लाइस मोजा. मधल्या दोन गळाल्या असतील तर त्या इथे काउंटरवर परत मिळतात. मुंबईहून फोन करून मिळवायच्या तर अडीच तासांचा फरक आणि शुक्रवार-शनिवारची सुट्टी दोन्ही आडवे येतात.

ती मुलगी ऑगस्टमध्ये परत गेली. ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. परवा तिचा निरोप आला: तिच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संचात चाळीस मास्क आरशातले निघाले, दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खाली विचारलं होतं, "काका, हे सरांना कसं सांगू?" त्याचा दर अजून मला ठरवता आलेला नाही.